व्हँकुव्हरच्या किनारी जंगलात बाल्ड ईगल आणि त्यांची घरटी कशी शोधावीत

बाल्ड ईगलच्या डोक्यावर टक्कल नसतं, दाट पांढरी पिसं असतात. जुन्या इंग्रजीत ‘बाल्ड’ म्हणजे पांढरं तोंड किंवा डोक्यावर पांढरा पट्टा असलेला प्राणी. पक्ष्याचं नाव तिथून आलं. त्यामुळे मराठीत ‘टकला गरुड’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गिधाडासारखं काहीतरी उभं राहतं. या लेखात आपण बाल्ड ईगल हेच नाव ठेवू.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हा पक्षी दुर्मीळ नाही. व्हँकुव्हर शहराच्या मध्यवस्तीला लागून असलेलं स्टॅन्ली पार्क सुमारे ४०० हेक्टरांचं आहे, त्याचा बराचसा भाग जंगल आहे, आणि ते जवळजवळ सगळीकडून खाऱ्या पाण्याने वेढलेलं आहे. काठाने नऊ-दहा किलोमीटरचा ‘सीवॉल’ नावाचा फरसबंद रस्ता जातो. त्यावरून रोज हजारो लोक चालतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर कुठेतरी गरुड बसलेला असतो. तो दिसत नाही याची कारणं सहसा तीन असतात: वेळ चुकलेली असते, फक्त पांढरं डोकंच शोधलं जातं, किंवा माणूस झाडाच्या फार जवळ उभा असतो. तिसरं कारण ऐकायला विचित्र वाटतं, पण घरटी न सापडण्याचं तेच मुख्य कारण आहे.

वर्षाचं आणि दिवसाचं गणित

इथल्या गरुडांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं असं धरा. उन्हाळा संपताना ही मंडळी उत्तरेकडच्या नद्यांवर जातात, कारण तिथे सामन मासे अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतात आणि अंडी घालून झाली की मरतात. आयतं, भरपूर अन्न. म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत स्टॅन्ली पार्कात गरुड शोधणं म्हणजे बहुधा पाय दुखवून घेणं. ऑक्टोबरात जोड्या परततात आणि आपापल्या घरट्यांचा ताबा घेतात.

जानेवारी-फेब्रुवारीत डागडुजी जोरात असते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत अंडी येतात, बहुतेक वेळा दोन, कधी एक किंवा तीन. साधारण ३५ दिवस उबवणूक चालते. नर-मादी आळीपाळीने बसतात, मादी जास्त वेळ. एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर येतात आणि दहा ते बारा आठवड्यांनी, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पहिलं उड्डाण करतात.

घरटं शोधायचं तर जानेवारी ते मार्च, आणि घरट्यातली पिल्लं पाहायची तर मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलमध्ये गेलात तर बऱ्याचदा काड्यांच्या ढिगावर एक पांढरा ठिपका एवढंच दिसेल, कारण घरट्याची वाटी खोल असते आणि बसलेला पक्षी तिच्यात बुडून जातो. खूप गरुड एकत्र पाहायचे असतील तर मात्र शहर सोडावं लागतं. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत उत्तरेला स्क्वॉमिशजवळचं ब्रॅकनडेल आणि पूर्वेला हॅरिसन नदीचा परिसर इथे चम जातीच्या सामनवर गरुडांचे थवेच्या थवे उतरतात. ब्रॅकनडेलच्या वार्षिक मोजणीत १९९४ साली ३,७६९ गरुड मोजले गेले होते.

दिवसाच्या वेळेबद्दल बोलताना लोक पहाट म्हणतात. पहाट चांगलीच, पण किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक जास्त उपयोगी पडतं. पॉइंट ॲटकिन्सन या ठिकाणचे आकडे व्हँकुव्हरसाठी लागू पडतात आणि ते सरकारी कोष्टकात मोफत मिळतात. ओहोटीने दगड आणि समुद्रगवत उघडं पडतं, मासे उथळ पाण्यात अडकतात, आणि गरुड झाडावरून खाली उतरतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिडशिपमन नावाचे मासे अंडी घालायला किनाऱ्यावरच्या दगडांखाली शिरतात. ओहोटीत पाणी गेलं तरी नर अंडी राखत तिथेच थांबतो आणि गरुडाच्या तावडीत सापडतो. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सर्वांत खोल ओहोट्या दिवसा येतात आणि हिवाळ्यात रात्री. म्हणून मे-जूनमध्ये ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास किनाऱ्यावर थांबावं. हिवाळ्यात या युक्तीचा फारसा फायदा नाही. तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच बाहेर पडा. भिजलेले गरुड उघड्या शेंड्यावर येऊन पंख पसरून वाळवत बसतात.

आणखी एक सूचना पक्षीच देतात. कावळे एखाद्या झाडाच्या शेंड्याभोवती कलकलाट करत झेपावत असतील, किंवा पाण्यावरचे सगळे कुरव एकदम उठून घिरट्या घालू लागले, तर वर पाहा.

पांढऱ्या डोक्याच्या पलीकडे

प्रौढ पक्षी ओळखायला सोपा. डोकं आणि शेपटी पांढरी, अंग गडद तपकिरी, चोच, डोळे आणि पाय पिवळे. फर या सूचीपर्णी वृक्षाच्या काळपट हिरव्या झाडीत दुरून तो टेबल टेनिसच्या चेंडूसारखा दिसतो, म्हणून दुर्बीण न लावता आधी नुसत्या डोळ्यांनी शेंड्यांवर असा पांढरा ठिपका शोधायचा. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास, वजन तीन ते सहा किलो. मादी नरापेक्षा सुमारे पाव पटीने मोठी असते, त्यामुळे जोडी शेजारी बसली की कोण कोण ते कळतं. एकटा पक्षी पाहून नर-मादी सांगणं अवघड आहे, आणि सांगूही नये.

उडताना पंख फळीसारखे सपाट धरलेले असतात. टर्की व्हल्चर हे इथलं गिधाड पंख किंचित वर उचलून, इंग्रजी व्ही आकारात धरतं आणि डोलत जातं. ऑस्प्रे, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात तलावांवर येणारी कैकर, पंख मनगटात मोडल्यासारखे वाकवते. हे तीन आकार पाठ झाले की इतक्या उंचीवरूनही ओळख पटते, जिथे रंग दिसत नाही.

आवाजावर मात्र विसंबू नका, निदान चित्रपटांत ऐकलेल्या आवाजावर. पडद्यावर गरुड दिसताच जी लांब, कर्कश किंकाळी येते ती बहुधा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच पक्ष्याची असते. बाल्ड ईगलचा खरा आवाज बारीक, तुटक, किणकिणता असतो. एवढ्या मोठ्या छातीतून तो आला यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण एकदा कानात बसला की हाच आवाज दाट झाडीत सर्वांत जास्त गरुड दाखवतो.

खरी गोची तरुण पक्ष्यांपाशी होते. पांढरं डोकं यायला चार ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे किनाऱ्यावर दिसणाऱ्या गरुडांत चांगलाच वाटा तपकिरी पक्ष्यांचा असतो आणि लोक त्यांना ‘गोल्डन ईगल’ हा दुसराच तपकिरी गरुड समजून मोकळे होतात. पहिल्या वर्षीचं पिल्लू जवळजवळ चॉकलेटी, चोच काळपट, डोळे गडद. पंखांची आणि शेपटीची पिसं प्रौढांपेक्षा थोडी लांब असल्याने ते आईबापांहून मोठं दिसतं, यानेही फसायला होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पाठीवर पांढरे ठिगळ येतात, पक्षी अगदी चुना उडाल्यासारखा मळकट दिसतो. चोच आणि डोळे हळूहळू उजळतात. चौथ्या वर्षाच्या आसपास डोकं पांढरं होत जातं, पण डोळ्यामागे एक गडद पट्टा उरतो, आणि त्या पट्ट्यामुळे तो ऑस्प्रेसारखा वाटतो. शेवटचे काळे डाग शेपटीच्या टोकाला रेंगाळतात. वयाचं हे कोष्टक काटेकोर नसतं, एखादा पक्षी वर्षभर पुढे-मागे असतो. त्यामुळे नोंद करताना ‘साधारण तिसरं वर्ष’ असं लिहावं.

गोल्डन ईगल या ओल्या किनाऱ्यावर क्वचितच येतो. शंका आलीच तर उडत्या पक्ष्याच्या पंखांखाली पाहा. तरुण बाल्ड ईगलचा पांढरा रंग काखेत आणि पंखांच्या पुढच्या अस्तरात विखुरलेला, अस्ताव्यस्त असतो. तरुण गोल्डनचा पांढरा रंग मोठ्या उड्डाणपिसांच्या बुडाशी आणि शेपटीच्या बुडाशी, कापून लावल्यासारखा स्वच्छ असतो. बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसले तर प्रश्नच मिटतो: गोल्डनच्या पायावर पंजापर्यंत पिसं असतात, बाल्ड ईगलची नडगी खाली उघडी, पिवळी असते. मासे पकडताना पाय पाण्यात जाणार, म्हणून.

कोकणातून आलेल्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. आपला पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड याच मासेखाऊ गरुडांच्या गोतावळ्यातला आहे. किनाऱ्याजवळचं उंच झाड, वर्षानुवर्षं तेच घरटं, दर हंगामात त्यावर नव्या काड्या, हा संसार दोघांचा सारखाच. फक्त कोकणात हा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो.

घरटं: झाड आधी, काड्या नंतर

साधारण घरटं दीड ते दोन मीटर रुंद आणि एक मीटरच्या आसपास खोल असतं. एकच घरटं अनेक वर्षं वापरलं जातं आणि दर वर्षी त्यावर थर चढतो. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळ मोजलेलं एक घरटं २.९ मीटर रुंद, ६.१ मीटर खोल आणि जवळपास दोन टन वजनाचं होतं. एवढा भार पेलायचा म्हणजे झाड कुठलंही चालत नाही. इथे गरुड डग्लस फर, सिट्का स्प्रूस आणि ब्लॅक कॉटनवुड पसंत करतात. आजूबाजूच्या झाडांपेक्षा उंच गेलेलं, जाड फांद्यांचं, पाण्याकडे नजर जाईल असं आणि निदान एका बाजूने उडत आत येण्याजोगी मोकळी जागा असलेलं झाड त्यांना लागतं. घरटं अगदी टोकावर नसून शेंड्याच्या जरा खाली, खोड आणि फांद्या यांच्या बेचक्यात असतं. वर उरलेला शेंडा पावसात छपराचं काम करतो.

आता शोधायचं कसं. पन्नास-साठ मीटरच्या फरखाली उभं राहून मान वर केली तर फक्त खालच्या फांद्यांची छत्री दिसते, आणि घरटं तिच्या वर लपतं. म्हणून उलट करा: झाडापासून लांब जा. तलावाचा समोरचा काठ, खाडीपलीकडचा किनारा, ओहोटीत उघडी पडलेली वाळू अशा जागेवरून, ३०० ते ५०० मीटरवरून, जंगलाची आकाशरेषा दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे सावकाश पाहा. रेषेच्या वर डोकं काढलेली झाडंच तेवढी निवडा. प्रत्येकाच्या वरच्या चौथ्या भागात गडद, भरीव गोळा आहे का ते पाहा. पाठीमागे उजळ, ढगाळ आकाश असेल तर काम सोपं होतं, सूर्य समोर असेल तर नको.

जानेवारी-फेब्रुवारीत चोचीत किंवा पंजात काडी घेऊन जाणारा गरुड दिसला की त्याच्या मागे धावू नका. जिथे आहात तिथून फोनच्या होकायंत्रावर तो गेला त्या दिशेचा अंश टिपा. मग काठावर दोन-तीनशे मीटर सरकून पुढची फेरी येईपर्यंत थांबा आणि पुन्हा अंश टिपा. नकाशावर दोन्ही रेषा ओढा, त्या जिथे छेदतील तिथलं उंच झाड तपासा. गरुड दिवसातून अनेक फेऱ्या मारतात, त्यामुळे एका सकाळीसुद्धा हे जमतं. कॉटनवुड पानगळीचं झाड आहे. त्याच्यावरचं घरटं मार्चपर्यंत उघडं असतं आणि एप्रिलमध्ये पानं फुटली की नाहीसं होतं. म्हणून हिवाळ्यातच फटीतून दिसणारी जागा हेरून तिचा फोटो काढून ठेवावा. उन्हाळ्यात त्याच जागी उभं राहिलं तर बहुधा एखादी खिडकी उरलेली असते.

फसवणारे गोळे बरेच आहेत. सर्वांत जास्त फसवतो तो हेमलॉक या सूचीपर्णी झाडावरचा बांडगुळाचा झुबका. बांडगूळ लागलं की फांद्या एका ठिकाणी गर्दी करून झाडूसारख्या वाढतात. दुरून हुबेहूब घरटं. फरक असा की झुबक्याची कड विस्कटलेली, हिरव्या सुयांची असते आणि त्यातून मधेमधे उजेड येतो. घरट्याची वरची कड सपाट, बूड निमुळतं किंवा वाडग्यासारखं, आणि वाळक्या काड्या सगळ्या दिशांना बाहेर आलेल्या. ग्रेट ब्लू हेरॉन या मोठ्या बगळ्याची घरटी लहान आणि विरळ असतात आणि एका झाडावर अनेक असतात. स्टॅन्ली पार्कच्या काठाशी, उद्यान मंडळाच्या कार्यालयाजवळ त्यांची मोठी वसाहत आहे. गरुड तिथे अंडी-पिल्लं चोरायला येतात, त्यामुळे गरुड पाहायलाही ती जागा वाईट नाही. ऑस्प्रेचं घरटं खांबावर किंवा वाळक्या शेंड्याच्या अगदी टोकावर, वर काहीच आडोसा नसलेलं. शिवाय ऑस्प्रे इथे वसंतात येते, तेव्हा फेब्रुवारीत घरट्यावर बसलेला पक्षी ऑस्प्रे नव्हे. कावळ्याचं घरटं टोपलीएवढंच.

घरटं सापडलं तरी ते वापरात आहे का, हा प्रश्न राहतो. नव्या, फिकट रंगाच्या काड्या वर दिसणं, शेवाळ किंवा गवत नेलं जाणं, जवळच्या फांदीवर एक पक्षी पहारा देत असणं या खुणा भरवशाच्या. मार्च-एप्रिलमध्ये घरटं रिकामं वाटलं तर निदान दीड-दोन तास थांबा. उबवणारा पक्षी दिसत नाही, पण पाळी बदलताना एक येतो आणि दुसरा उठतो, तेव्हा खात्री होते. एकाच जोडीची एकाहून जास्त घरटी असू शकतात, त्यामुळे या वर्षी रिकामं म्हणजे सोडून दिलेलं, असं समजणं चूक. ब्रिटिश कोलंबियाचा वन्यजीव कायदा हे ओळखतो: गरुडाच्या घरट्याला बाराही महिने संरक्षण आहे, आत कुणी असो वा नसो.

किती लांबून, कशाने

अमेरिकेच्या वन्यजीव खात्याची मार्गदर्शक सूचना पायी माणसासाठी विणीच्या काळात ३३० फुटांचं, म्हणजे साधारण १०० मीटरचं अंतर सांगते. कॅनडातही हा आकडा धरून चालायला हरकत नाही. शहरातल्या जोड्या पायवाटेवरून सरळ जाणाऱ्या माणसांना सरावलेल्या असतात. पायवाट सोडून झाडाखाली येणारा, थांबणारा, वर टक लावून पाहणारा माणूस त्यांना वेगळा वाटतो. बसलेला पक्षी उभा राहिला, मान पुढे काढून तुमच्याकडे पाहू लागला किंवा सतत ओरडू लागला, तर तुम्ही जवळ गेला आहात, मागे फिरा. मार्चच्या पाच-सहा अंश थंडीत पक्षी उठला की अंडी लगेच गार पडू लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांनाही अंगची ऊब राखता येत नाही. जूनमध्ये धोका निराळा: उडायला पुरती तयार नसलेली पिल्लं घाबरून घरट्याबाहेर उडी टाकतात. ड्रोन आणि फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवणं, दोन्ही नको.

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. आठ पट म्हणजे २०० मीटरवरचा पक्षी २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढे मिलिमीटर रुंद उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो, आणि ढगाळ जंगलात तो हवाच असतो. बारा पटीची दुर्बीण मोहात पाडते, पण हात थरथरतो आणि दिसणारा भाग आक्रसतो. घरट्यातलं पिल्लू नीट पाहायचं तर तिपाईवरचा २० ते ६० पटींचा स्पॉटिंग स्कोप लागतो.

घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोला चिकटलेली स्थाननोंदही काढून टाका. हा पक्षी एकदा नाहीसा होता होता वाचला आहे. १९६३ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत या पक्ष्याच्या फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. कारणं: गोळी घालणं, जंगलतोड आणि मुख्यतः डीडीटी. हे कीटकनाशक माशांतून गरुडाच्या शरीरात साठायचं, अंड्याच्या कवचात कॅल्शियम नीट उतरायचं नाही, आणि बसलेल्या आईच्या वजनानेच अंडं फुटायचं. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ मध्ये पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला.

जुलैत जमिनीवर बसलेला मोठा तपकिरी गरुड भेटला तर तो बहुधा जखमी नसतो, पहिल्या उड्डाणात खाली आलेलं पिल्लू असतं. आईबाप त्याला जमिनीवरही खाऊ घालतात. कुत्र्याला दोरीने धरा, लोकांना लांब ठेवा आणि दुरून पाहा. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा ते उठूच शकत नसेल, तर डेल्टा इथल्या ओडब्ल्यूएल या शिकारी पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला कळवा. हाताने उचलू नका, पंजाची नखं हातात खोल रुततात. मेलेल्या पक्ष्यालाही हात लावू नका. २०२२ पासून या किनाऱ्यावर बर्ड फ्लूची लागण आढळते आहे, आणि मेलेली बदकं खाणाऱ्या गरुडांना ती सहज होते.